पोर्ट ऑफ स्पेन (त्रिनिदाद): जवळ पैसे नसताना काढलेले ११ दिवस

शेवंती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. भटकंती विभागात कॅरिबियनबद्दल शोधलं तर क्रूझवाल्यांचेच धागे सापडले. म्हणून म्हटलं, आपण पाहिलेलं लिहून काढावं.

कामानिमित्त मी तीन महिने त्रिनिदादला होते, सेंट ऑगस्टिनच्या विद्यापीठात. जानेवारीअखेर काम संपलं. परतीच्या तिकिटाला दोन आठवडे बाकी होते, ते राजधानीत काढावेत म्हणून वुडब्रुक भागात एका वयस्कर बाईंच्या घरी खोली घेतली. भाडं आगाऊ दिलं. तिसऱ्या दिवशी माझ्या बँकेनं 'संशयास्पद व्यवहार' म्हणत कार्ड बंद केलं. नवीन कार्ड फक्त भारतातल्या पत्त्यावर, ओटीपी भारतातल्या बंद असलेल्या नंबरवर. फोनवर तासन्‌तास घालवूनही काही हाती लागलं नाही. पाकिटात ६४० टीटी होते (तिथल्या डॉलरला टीटी म्हणतात, एक टीटी साधारण १२-१३ रुपयांचा). दिवस ११. म्हणजे रोजचे ५८. साध्या हॉटेलात एक वेळ पोटभर जेवलं की तेवढे संपतात.

त्या रात्री मी खूप घाबरले होते. घरमालकीणबाई भारतीय वंशाच्या. त्यांचे पणजोबा बिहारकडून उसाच्या मळ्यावर आलेले. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "कॉल मी आजी." भोजपुरीतून आलेला शब्द, बापाच्या आईला तिथे आजीच म्हणतात. बारा-चौदा हजार किलोमीटरवर 'आजी' ऐकून माझ्या घशाशी आलं होतं. तर आजींना कार्डाचं सांगितलं. त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, सकाळी सव्हानाला चालून ये, डबल्स खाऊन ये, संध्याकाळी पॅनयार्डात जाऊन बस, आठ दिवस असे जातील. आणि खरंच तसेच गेले.

सव्हाना म्हणजे क्वीन्स पार्क सव्हाना. ऐन शहरात २६० एकरांचं मोकळं मैदान, त्याच्या भोवती एकाच दिशेनं वाहणारी रहदारी. एक फेरी साडेतीन किलोमीटरच्या आसपास. पूर्वी हा उसाचा मळा होता. १८१७ मध्ये गव्हर्नर वुडफर्डनं तो पेशिए कुटुंबाकडून विकत घेतला. त्या कुटुंबाचं छोटं कबरस्तान अजून मैदानातच भिंतीआड आहे. पश्चिमेच्या कडेनं चालत गेलं की एका ओळीत सात जुने वाडे लागतात, त्यांना 'मॅग्निफिसंट सेव्हन' म्हणतात. त्यातलं घड्याळाच्या मनोऱ्याचं क्वीन्स रॉयल कॉलेज १९०४ चं. लेखक नायपॉल तिथे शिकले, क्रिकेटवर लिहिणारे सी. एल. आर. जेम्सही तिथलेच. शेवटाला स्टॉलमायर्स कॅसल, स्कॉटलंडच्या गढीसारखा. आत जायची गरजच पडत नाही, सकाळचं ऊन तिरपं पडलेलं असताना फुटपाथवरूनच ते बघावेत. उत्तरेला रस्ता ओलांडला की वनस्पती उद्यान, १८१८ पासूनचं, तिकीट नाही. रस्त्याच्या कडेला आपले पर्जन्यवृक्ष आहेत. आपले म्हणजे काय, मूळचे ते तिकडचेच, तिथे त्यांना 'समान' म्हणतात. पण त्या पसरलेल्या फांद्यांखाली उभं राहिलं की डोळ्यांपुढे पुण्याचा जुना रस्ता येतो.

आता डबल्स. दोन मऊ, पिवळसर, हळद घातलेले तळलेले 'बारा' (आकडा नव्हे, पदार्थाचं नाव; आपल्या वड्याचाच भाऊबंद, पण पापडाएवढा पातळ) आणि मध्ये पातळसर चना. एक घेतलं तरी नाव डबल्सच. विक्रेता गाडीपाशी उभा असतो. त्याच्या पेटीत कापडाखाली बारा गरम राहतात. पांढऱ्या कागदाचा चौकोन तळहातावर, त्यावर दोन बारा एकमेकांवर अर्धे चढवलेले, चमच्यानं चना, मग काकडी, चिंचेचं पाणी, कुचेला (किसलेल्या कैरीचं लोणचं) आणि मिरची. तो फक्त एवढंच विचारतो: मिरची किती? 'स्लाइट' म्हणायचं. मी पहिल्या दिवशी कोल्हापूरच्या भरवशावर 'मीडियम' म्हटलं आणि कान गरम झाले, तिथली मिरची वेगळ्याच जातीची आहे. मग कागदाची दोन टोकं धरून गोल फिरवली की पुडी तयार. उभ्यानंच खायचं, पैसे शेवटी द्यायचे. आजूबाजूला दहा जण खात असतात, कुणी किती खाल्ले ते त्याच्या डोक्यात पक्कं असतं. मी एकाला ६ टीटी द्यायचे. दोन खाल्ले की दुपार निघते. १९३६ मध्ये प्रिन्सेस टाउनच्या एका कुटुंबानं हे सुरू केलं असं सांगतात, आज सगळं बेट त्यावर सकाळ काढतं. वकील, सफाई कामगार, पोलिस, शाळेची पोरं, सगळे एकाच गाडीपाशी.

आणि पॅनयार्ड. ज्यासाठी हा धागा काढला ते खरं हेच.

स्टीलपॅन हे वाद्य तेलाच्या पिंपाच्या तळातून घडवतात. १८८० च्या दशकात इंग्रज सरकारनं मिरवणुकीतल्या ढोलांवर बंदी घातली. लोकांनी बांबू आपटून ताल धरला, पुढे बिस्किटांचे डबे, पत्र्याची भांडी, मोटारींचे ब्रेकड्रम, आणि १९४० च्या सुमारास पिंपं. वस्तीतल्या गरीब पोरांनी ठोकून ठोकून एकेका पिंपातून सगळे सूर काढले. तेव्हा पोलिस त्यांना धरून न्यायचे, बऱ्या घरातली माणसं नाक मुरडायची. १९९२ मध्ये तेच राष्ट्रीय वाद्य झालं. मला फार मनापासून वाटतं, की त्या शहरात जे फुकट मिळतं ते उरलंसुरलं नाही. तेच तिथलं सर्वोत्तम आहे, कारण ते ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांनी घडवलं आहे.

कार्निव्हलच्या आधीचे पाच-सहा आठवडे सगळे बॅंड रोज रात्री आपापल्या यार्डात तालीम करतात. दार उघडं असतं, कुणीही जाऊन बसावं. माझ्या खोलीपासून 'फेज टू' या बॅंडचं यार्ड चालत दहा मिनिटांवर, हॅमिल्टन स्ट्रीटला. पहिल्या रात्री गेले तेव्हा शंभरेक वादक एकच ओळ घोटत होते. शिकवणारा लोखंडावर टकटक करून थांबवायचा, फक्त बेसवाल्यांकडून वाजवून घ्यायचा (एकेका बेसवाल्याभोवती सहा-सहा, नऊ-नऊ पिंपं), मग टेनर, मग सगळे मिळून. आठ मिनिटांची रचना, आणि बहुतेकांपुढे कागद नाही, सगळं कानानं आणि हातानं पाठ. माझ्यापुढे शाळेच्या गणवेशातली एक मुलगी होती. तिचा उजवा हात एका जागी सारखा उशिरा पोचत होता. शेजारच्या साठीतल्या काकांनी आपलं वाजवणं न थांबवता नुसती मान हलवून तिला ती जागा दाखवली. चौथ्या खेपेला ती बरोबर आली. काकांनी बघितलंही नाही. मग मध्यभागचं 'इंजिन रूम' सुरू झालं, म्हणजे ब्रेकड्रम, घंटा, खवणीसारखा वाजवायचा पत्रा, ड्रम. आणि सगळा बॅंड एकदम उठला. बाकाखालची जमीन हलते हो. कानात नाही, बरगड्यांत ऐकू येतं ते. मी ११ पैकी ७ रात्री तिथे होते. एकदाही कुणी पैसे मागितले नाहीत.

बाकी थोडक्यात. दुपारी ऊन फार. तेव्हा राष्ट्रीय ग्रंथालयात बसायचे, गार आणि शांत. बाहेर वुडफर्ड स्क्वेअर. १९५५ मध्ये एरिक विल्यम्सनी याच चौकात लोकांपुढे व्याख्यानं दिली, लोक त्या चौकालाच विद्यापीठ म्हणू लागले, आणि १९६२ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा तेच पंतप्रधान होते. अजूनही बाकांवर राजकारणाचा वाद रंगलेला असतो. खाली ब्रायन लारा प्रोमेनेडवर बुद्धिबळाचे दगडी पट.

तिथे एक शब्द आहे, 'लाइम'. चारचौघांनी काही न ठरवता एकत्र बसणं. आपला कट्टाच. फरक एवढाच, की तिथे त्याला वेळ वाया घालवणं समजत नाहीत. "काल काय केलंस?" "लाइम केलं." एवढं उत्तर पुरतं.

कुणी गेलं असल्यास भर घाला.

कोकणकडा

वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. शाकाहारी माणसाचं कसं होतं? आणि गुन्हेगारीच्या बातम्या वाचतो त्याचं काय? बाईमाणसानं रात्री एकटीनं पॅनयार्डात जाणं धाडसाचं वाटलं.

शेवंती

@कोकणकडा, दुसरा प्रश्न आधी, कारण तो महत्त्वाचा. भीती खोटी नाही. २०२४ च्या अखेरीस तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली होती, टोळ्यांमधल्या खुनांमुळे. मी आजींनी घालून दिलेले नियम पाळले. अंधार पडल्यावर सव्हानाच्या मधून जायचं नाही, कडेनंही एकटीनं नाही. शहराच्या पूर्वेकडच्या टेकडीवरच्या वस्त्यांत ओळखीशिवाय जायचं नाही. पॅनयार्डात जाताना पायी, पण येताना आजींच्या शेजारची वादक मुलगी सोबत असायची. टॅक्सीच्या नंबरप्लेटवर पहिलं अक्षर 'एच' असेल तरच बसायचं. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: लष्करी छाप्याचे कपडे घालणं तिथे कायद्यानं गुन्हा आहे, लहान मुलांनाही ते घालता येत नाहीत. बॅगेत असतील तर घरीच ठेवून जा.

शाकाहाराची मात्र चंगळ. भाजीबाजारात गेले तर शब्द ओळखीचे: बैगन, करैली, भाजी. आजी सकाळी बैगन चोखा करायच्या. गॅसवर वांगं भाजून, लसूण घालून, वरून गरम तेलाची फोडणी, सोबत सादा रोटी. ते आपलं भरीतच. आणि 'सहीना'! अळूची पानं, डाळीचं पीठ, तळलेली वडी. पहिला घास घेतला आणि म्हटलं ही तर अळूवडी, फक्त गूळ-चिंच राहिली. आजींना आपली पद्धत सांगितली, त्यांनी दुसऱ्या दिवशी अंगणातली पानं काढून दिली आणि मी केली. दहा-बारा वड्यांतल्या दोन उरल्या, त्या त्यांनी शेजारी पाठवल्या.

मिडऑन

शेवंतीताई, वुडब्रुकला ११ दिवस राहिलात आणि ओव्हलचा उल्लेख नाही! क्वीन्स पार्क ओव्हल तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

तरुण मंडळींसाठी लिहितो. ६ मार्च १९७१ ला त्या मैदानावर सुनील गावसकर पहिली कसोटी खेळायला उतरला. वाडेकर कप्तान. वेस्ट इंडिज पहिल्या डावात २१४. आपले ३५२, त्यात दिलीप सरदेसाईंचे ११२, गावसकरचे ६५, सोलकरचे ५५. त्यांच्या नोरिगानं ९५ धावांत ९ बळी घेतले, तरीही सामना आपण ७ गड्यांनी जिंकला. वेस्ट इंडिजविरुद्ध भारताचा तो पहिला कसोटी विजय. सरदेसाई मूळचे मडगावचे, बाकी तिघे मुंबईचे. एप्रिलमध्ये त्याच मैदानावर गावसकरनं एकाच कसोटीत १२४ आणि २२० केल्या, दातदुखीनं हैराण असताना. चार कसोट्यांत ७७४ धावा. तिथल्या एका कॅलिप्सो गायकानं त्याच्यावर गाणं रचलं, यजमानांना हरवणाऱ्या पोरावर! अशी दिलदारी मी दुसरीकडे पाहिली नाही. पुढे १९७६ मध्ये तिथेच चौथ्या डावात ४०३ चा पाठलाग, आणि २००२ मध्ये सचिननं २९ वं शतक तिथेच काढून ब्रॅडमनची बरोबरी केली.

मी १९७१ ला अकरा वर्षांचा होतो. दादरच्या चाळीत पेपर एकच यायचा आणि तो पहिल्या मजल्यावरून चौथ्यापर्यंत वाचत वाचत चढायचा. आम्ही चौथ्यावर. सरदेसाईंच्या शतकाची बातमी माझ्या हाती आली तेव्हा पेपराच्या घड्यांवर अक्षरं पुसट झाली होती.

शेवंती

काका, अंगावर काटा आला वाचून. ओव्हलबद्दल लिहायचं मी खरंच विसरले. सामना नव्हता, पण फाटकावरच्या रक्षकाला भारतातून आले म्हटल्यावर त्यानं पाच मिनिटं आत उभं राहू दिलं. त्याच्या तोंडी पहिलं नाव आलं ते 'गॅवस्कर'. त्याचा जन्मही तेव्हा झाला नसेल. आणि जागेची गंमत बघा, ट्रागारेट रोडवर ओव्हलसमोरच इनव्हेडर्स या अगदी जुन्या स्टीलबॅंडचं यार्ड. १९७१ मध्येही ते तिथेच असणार.

ताशा_शुक्रवार

ताई, त्रिनिदादचा 'तास्सा' आणि आपला ताशा एकच का? आमच्या पथकात यावर वाद झालाय. कुणी ऐकलाय का प्रत्यक्ष?

सुकाणू

मी ऐकलाय. मी रत्नागिरी जिल्ह्यातला, टॅंकरवर आहे. २०१८ च्या सप्टेंबरात पॉइंट लिसासला आमचं जहाज लागलं, माझा करार तिथेच संपला, आणि विमानाची वाट बघत पोर्ट ऑफ स्पेनला चार-पाच दिवस थांबलो. घरी गणपती बसलेले. करार लांबल्यामुळे सलग दुसऱ्या वर्षी आरती चुकली होती, मन लागत नव्हतं.

सोबतच्या एका त्रिनिदादी खलाशानं सेंट जेम्सला नेलं. त्या भागात रस्त्यांची नावंच दिल्ली, लखनौ, कलकत्ता, मद्रास. गिरमिटियांची, म्हणजे करारावर आणलेल्या भारतीय मजुरांची, जुनी वस्ती. ते मोहरमचे दिवस होते, तिथे त्याला 'होसे' म्हणतात. रात्री वेस्टर्न मेन रोडवर ताजिये निघतात, बांबू आणि कागदाचे, झगमगीत, माणसाच्या दुपटीहून उंच. आणि पुढे तास्सा. @ताशा_शुक्रवार, भांडं मातीचं, वर बकऱ्याचं कातडं, गळ्यात अडकवून दोन लवचीक काठ्यांनी वाजवतात. सोबत मोठा ढोल आणि झांज. कोपऱ्यावर शेकोटी पेटवलेली असते. चामड्याचा सूर उतरला की वाजवणारा रांगेतून बाहेर येतो, ताशा आगीपुढे धरून फिरवतो, बोटानं टिचकी मारून बघतो आणि परत रांगेत. माझे आजोबा शिमग्यात असंच ताशा शेकायचे, आता आमच्याकडे फायबरचा कागद आला. आवाज कानावर पडला आणि मला रडूच कोसळलं. तो मित्र बिचारा गोंधळला.

दोन मोठे चंद्र असतात, एक हिरवा हसनचा, एक तांबडा हुसेनचा. एक माणूस तो अवजड चंद्र खांद्यावर घेऊन नाचवतो, दमला की दुसरा पुढे होतो. चंद्र वाहणाऱ्यांत मुसलमान होते, हिंदू होते, आफ्रिकी वंशाचे ख्रिस्ती होते. हा शोकाचा विधी आहे, त्या भावनेनंच उभं राहावं. शेवटी ताजिये समुद्रात विसर्जित करतात. खर्च शून्य. जाणाऱ्यानं एवढं पाहावं की तारीख चांद्र पंचांगाप्रमाणे दरवर्षी मागे सरकते.

ताशा_शुक्रवार

दादा, हे आमच्या पथकाच्या ग्रुपवर टाकतोय. शेकोटीचं वाचून आमचे जुने वादक खूष होतील, ते अजून कातड्याचाच हट्ट धरून आहेत.

सुकाणू

अवश्य. अजून एक सांगायचं राहिलं: फोर्ट जॉर्ज. सेंट जेम्सच्या वर, टेकडीवर १८०४ चा किल्ला. तिथली लाकडी सिग्नल चौकी १८८३ ची, ती आखली होती आफ्रिकेतल्या अशांती राजघराण्यातल्या कोफी न्ती या राजपुत्रानं, जो तिथे हद्दपारीत होता. वरून पारियाचं आखात, खाली बंदरात नांगरलेली जहाजं, आणि पश्चिमेला पाच बेटं दिसतात. त्यातलं एक नेल्सन आयलंड, गिरमिटियांना आधी तिथे उतरवायचे. पहिलं जहाज फातेल रझाक, ३० मे १८४५, २२५ माणसं. १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून जास्त आली. मी समुद्रावरचा माणूस, मला बोटीवरचे तीन महिने म्हणजे काय ते माहीत आहे. ती माणसं तर खाली डेकमध्ये. वर जायचं तर चार-पाच जणांनी मिळून जा, टॅक्सी थांबवून ठेवा. चौघांत वाटली की फार पडत नाही.

अंजली_टोरोंटो

धागा सुरेख. पण एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आमच्या शेजारी त्रिनिदादची दोन कुटुंबं आहेत, त्यांच्यामुळे दोनदा जाणं झालं. शहर 'स्वस्त' आहे असा समज करून कुणी जाऊ नये. खाण्यापिण्याचं बरंचसं सामान आयात होतं, दुकानातल्या किमती बघून छातीत धस्स होतं. शेवंतीला ५८ टीटीत भागवता आलं कारण खोलीचं भाडं दिलेलं होतं आणि आजी होत्या. डबल्सवाला पहाटे दोन-तीनला उठून पीठ मळतो. त्याच्याशी पैशांवरून घासाघीस करू नका. पॅनयार्डात पैसे मागत नाहीत, पण तिथे पाण्याच्या, पेयांच्या टपऱ्या असतात, त्यावर बॅंडचा खर्च थोडाफार निघतो. जमेल तसं तिथे एखादं घ्या.

कार्निव्हलचंही तेच. पिसांचे पोशाख घालून नाचायचं तर हजारो टीटी लागतात. पण कडेला उभं राहून बघायला काही लागत नाही. मला विचाराल तर कार्निव्हलच्या मुख्य सोमवार-मंगळवारपेक्षा आधीचा शुक्रवार. पहाटे पिकॅडिली ग्रीन्सला १८८१ च्या कॅनबुलेच्या दंगलीचं नाट्य करतात, म्हणजे मशाली घेऊन निघालेले लोक आणि त्यांना अडवणारे पोलिस. ज्या ढोलबंदीबद्दल वर लिहिलंय तिचं मूळ इथे आहे. काळोखात मशाली येताना दिसतात आणि मागे उजाडत जातं. शनिवारी लहान मुलांचा कार्निव्हल, उंच काठ्यांवर चालणारी सहा-सात वर्षांची मोको जंबी पोरं बघून जीव वरखाली होतो.

शेवंती

अंजलीताई, अगदी मान्य, आणि बरं झालं लिहिलंत. आजींचं ऋण माझ्यावर आहेच. निघताना मी पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. शेवटी त्यांच्या अंगणात आंब्याचं कलम लावायला पैसे ठेवून आले, ते त्यांनी घेतले.

औदुंबर

त्रिनिदादला दत्तमंदिर आहे असं ऐकलं होतं. खरं का?

शेवंती

हो, कारापिचाइमाला. राजधानीच्या दक्षिणेला, सिटी गेट या बसस्थानकावरून मॅक्सी पकडून शाग्वानासला आणि तिथून दुसऱ्या गाडीनं. मॅक्सी म्हणजे मिनीबस, रंगीत पट्ट्यावरून तिचा मार्ग कळतो: पिवळा पश्चिमेचा, तांबडा पूर्वेचा, हिरवा दक्षिणेचा. तुम्हाला हिरवा. चढताना सगळ्यांना 'गुड मॉर्निंग' म्हणायचं, ते न म्हणणं उद्धटपणा धरतात. संध्याकाळी भेटल्यावर 'गुड नाइट', निरोपाचं नव्हे, नमस्काराचं. मंदिर दाक्षिणात्य बांधणीचं, म्हैसूरच्या आश्रमाचं, बाहेर ८५ फुटी हनुमान. मी गुरुवारी गेले. आपल्यासारखी पालखी नाही, पण दत्ताच्या तीन मुखांपुढे बसले आणि 'त्रिगुणात्मक त्रैमूर्ती' मनात म्हटली. जवळच वॉटरलूला समुद्रातलं मंदिर, शिवदास साधू या मजुरानं जमिनीवर बांधलेलं पाडल्यावर कित्येक वर्षं सायकलवरून दगडमाती वाहून पाण्यात भर घालून उभं केलेलं. दोन्हीकडे तिकीट नाही.

प्रवासी_१२

मी पुढच्या आठवड्यात कामासाठी जातोय. फक्त एकच संध्याकाळ आणि एक सकाळ मोकळी. काय करू?

शेवंती

संध्याकाळी उजेड असेपर्यंत सव्हानाची पश्चिम बाजू, मग कुणालातरी सोबत घेऊन पॅनयार्ड. सकाळी साडेसहाला डबल्स, स्लाइट. नऊनंतर बऱ्याच गाड्यांवरचा माल संपतो.

प्रवासी_१२

(दहा दिवसांनी) जाऊन आलो... म्हणजे अजून इथेच आहे, विमान रात्रीचं. काल यार्डात तीन तास बसलो. आत्ता सकाळचे सात. डबल्स खाल्ले, तीन. ओव्हलच्या फाटकाशी उभा आहे, रक्षक फोटो काढू देतो म्हणतोय. मिडऑन काका, तुमच्यासाठी कुठल्या बाजूचा काढू?

मिडऑन

उत्तरेकडचा काढ. स्टॅंडच्या मागे हिरवे डोंगर दिसले पाहिजेत. तेव्हा पेपरात त्यांचं वर्णन वाचलं होतं.